पिल्लाला नव्हे, इतरांना हलवा

सकाळी चारा घालायला म्हणून पिंजऱ्यापाशी जावे आणि काल रात्री तीन प्राणी होते तिथे पाच दिसावेत, असा प्रसंग चिंचिला पाळणाऱ्यांवर येतो. तळाच्या जाळीवर दोन इवलीशी पिल्ले पडलेली असतात. अंग ओलसर, पण डोळे उघडे आणि अंगावर केस. मोठ्यांपैकी एक कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेली, दुसरा सारखा तिच्या मागेमागे, तिसरी फळीवरून खाली डोकावणारी. दुकानदाराने तर ‘तिन्ही माद्याच आहेत’ असे छातीठोकपणे सांगितलेले असते.

अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा पिल्लांकडे जातो. ती उचलायची, बुटाच्या खोक्यात फडके घालून ठेवायची आणि मग काय करायचे ते शोधायचे. हेतू चांगला असला तरी हात चुकीच्या जागी गेलेला असतो. पिल्लांना त्या क्षणी आई हवी असते आणि आईला तिची ओळखीची जागा. पिंजऱ्यातून बाहेर काढायला हवे ते उरलेल्या दोघांना, तेही लगेच. खरे तर हे काम काही आठवडे आधीच व्हायला हवे होते. चिंचिलाच्या नवजात पिल्लाचे बरेवाईट जन्मानंतरच्या धावपळीवर फारसे ठरत नाही. जन्माच्या वेळी पिंजऱ्यात कोण कोण होते, यावर ते ठरते.

दुकानदाराची चूक मात्र समजण्याजोगी आहे. चिंचिलाच्या मादीचे मूत्रद्वार एका लहानशा शंकूच्या टोकाला असते आणि तो शंकू वरवर पाहता नराच्या इंद्रियासारखाच दिसतो. नर-मादी ओळखायची ती या शंकूचे आणि गुदद्वाराचे अंतर पाहून. मादीत ते जवळजवळ चिकटलेले असतात, नरात मध्ये थोडी जागा असते. दोन प्राणी शेजारी धरून तुलना केली तर फरक कळतो; एकटा प्राणी हातात घेऊन अंदाज बांधला तर सवयीचा माणूसही फसतो. त्यामुळे ‘माद्यांचा गट’ म्हणून आणलेल्या गटात नर निघतो आणि अचानक बाळंतपण होते.

मराठी वाचकांपैकी अनेकांनी हा प्राणी पाहिलेला नसेल. चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला जीव. खारीपेक्षा मोठा, सशापेक्षा लहान, गोल कानांचा आणि झुपकेदार शेपटीचा. त्याच्या त्वचेतल्या एकेका छिद्रातून पन्नासहून अधिक केस उगवतात आणि ही मऊ लोकरच त्याच्या जिवावर उठली. कोट-टोप्यांसाठी इतकी शिकार झाली की १९१० मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांना करार करून ती थांबवावी लागली. त्यानंतर चिलीत काम करणारा मॅथायस चॅपमन हा अमेरिकी खाण अभियंता चिली सरकारच्या परवानगीने ११ चिंचिला घेऊन १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात उतरला. आज अमेरिकेत घराघरांत पाळले जाणारे बहुतेक चिंचिला या अकरांचेच वंशज मानले जातात. रानातला लांब शेपटीचा चिंचिला आता चिलीतल्या थोड्याशा डोंगराळ पट्ट्यात उरला आहे. इयापेल गावाजवळ १९८३ मध्ये त्याच्यासाठी राखीव क्षेत्र झाले. आंतरराष्ट्रीय व्यापार करारात रानटी चिंचिला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पाळीव मात्र त्यातून वगळलेला आहे. भारतानेही २०१७ मध्ये चिंचिलाच्या फरची आयात बंद केली.

वैद्यकावरही या प्राण्याचे उपकार आहेत. त्याचा मध्यकर्ण मोठा आणि अभ्यासाला सहज हाती लागणारा, शिवाय ऐकण्याचा पल्ला माणसाच्या बराच जवळचा. म्हणून लहान मुलांचे कान का फुटतात, मध्यकर्णात पू कसा होतो, कोणत्या जंतूवर काय चालते, याचा बराच अभ्यास चिंचिलावर झाला आहे. एखाद्या आईच्या मांडीवर कान धरून रडणाऱ्या मुलाला आज जे औषध मिळते, त्यामागच्या ज्ञानात या डोंगरी प्राण्याचा वाटा आहे. निदान त्याच्या बाळंतपणाकडे तरी ‘उंदरासारखेच असेल’ म्हणून पाहू नये, एवढी अपेक्षा वावगी नाही.

उंदरासारखे ते नसतेच. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले उघडी, आंधळी, गुलाबी मांसाच्या गोळ्यासारखी असतात. चिंचिलाचा गर्भ सुमारे १११ दिवस, म्हणजे जवळजवळ सोळा आठवडे पोटात वाढतो. पिल्ले बहुधा एक ते तीन, वजन प्रत्येकी तीस ते पन्नास ग्रॅम. सहाशे ग्रॅमच्या मादीच्या पोटात पंचेचाळीस ग्रॅमची दोन पिल्ले असतील तर ती स्वतःच्या वजनाच्या पंधरा टक्के भार वाहत असते. पन्नास किलोच्या बाईच्या पोटात साडेसात किलोची बाळे असावीत तसे. जन्मतःच पिल्लाला केस असतात, दात असतात, डोळे उघडे असतात आणि काही तासांत ते चालू-धावू लागते.

घोटाळा नेमका इथेच होतो. पिल्लू इतके ‘तयार’ दिसते की ते सुटे झाले, आपापले सांभाळून घेईल, असे पाहणाऱ्याला वाटते. उंदराचे आंधळे पिल्लू पाहून जी काळजी मनात येते, ती इथे येत नाही. प्रत्यक्षात त्याला अंगची ऊब धरून ठेवता येत नाही, सहा ते आठ आठवडे दूध लागते आणि अंगावर आलेल्या मोठ्या प्राण्यापासून सुटायची ताकद नसते. उलट चालता येते म्हणून ते धोक्यात जास्त सापडते. उंदराची पिल्ले घरट्यात एका जागी पडून राहतात. चिंचिलाची मादी घरटे बांधत नाही आणि तिची पिल्ले पहिल्याच दिवशी पिंजराभर फिरू लागतात, मोठ्यांच्या पायांत येतात.

गटात ठेवणाऱ्यांचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. चिंचिला रानात वसाहती करून राहतात, पूर्वी शंभरापर्यंत प्राण्यांच्या वसाहती असत, तिथे पिल्ले होतातच ना? मग पिंजऱ्यातही निसर्ग बघून घेईल. यातला पहिला भाग खरा आहे. चिंचिला हा संगतीत रमणारा प्राणी आहे आणि वर्षानुवर्षे एकटा कोंडून ठेवलेला चिंचिला सुखी नसतो. निष्कर्ष मात्र चुकतो. डोंगरावरच्या वसाहतीत प्रत्येकाला खडकाची कपार असते, मादीला बाजूला जाता येते, हाकललेल्या नराला दूर पळता येते. जुन्या वाड्यात तीस माणसे नांदत, तरी बाळंतिणीची खोली वेगळी असे आणि तिथे कुणी जायचे, कुणी नाही, हे ठरलेले असे. वाड्यातली तीस माणसे आणि दहा बाय दहाच्या खोलीतली तीस माणसे यांत जो फरक, तोच कपारींच्या वसाहतीत आणि मीटरभर रुंदीच्या पिंजऱ्यात आहे. पिंजऱ्यात गट तेवढा आणला जातो, कपार मागेच राहते.

यावर सर्वांत बोलकी साक्ष फरसाठी चिंचिला पाळणाऱ्यांच्या शेतांची आहे. साक्ष देणारा फारसा प्रेमळ नाही, म्हणूनच ती महत्त्वाची. तिथे एका नराला अनेक माद्या ठेवतात, पण माद्या एकत्र ठेवत नाहीत. प्रत्येक मादीचा पिंजरा स्वतंत्र असतो. पिंजऱ्यांच्या रांगेमागून एक बोळ जातो आणि प्रत्येक पिंजऱ्यातून त्यात उघडणारे भोक असते. माद्यांच्या गळ्यात हलके कडे असते, त्यामुळे त्यांना भोकातून जाता येत नाही. नराच्या गळ्यात ते नसते, त्यामुळे तो या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात फिरतो. एकेका कातड्याचा हिशेब ठेवणाऱ्या, माया-ममतेशी काही देणेघेणे नसलेल्या लोकांनाही दोन माद्यांना एकत्र वियायला लावणे परवडले नाही. ही व्यवस्था प्राण्याच्या दृष्टीने चांगली आहे, असे मुळीच नाही. गळ्यात कडे घालून जन्मभर एका पिंजऱ्यात राहणे म्हणजे कैदच. पण ‘सगळ्यांना एकत्र ठेवले तरी पिल्ले नीट वाढतात’ असे सांगणाऱ्या हौशी पाळणाऱ्याने, पैशावर डोळा ठेवून बसलेल्यांनी तसे का केले नाही, याचा विचार करायला हवा.

गर्दीच्या पिंजऱ्यात घडते काय? मादी बहुधा पहाटे किंवा सकाळी लवकर विते. पिल्लू बाहेर आले की ती त्याला चाटून कोरडे करते, वार खाते, मग दुसऱ्या पिल्लाकडे वळते. या तासाभराच्या कामात तिला कुणी त्रास देता कामा नये. नवजात जिवाचे गणित माणसात आणि चिंचिलात एकच आहे: वजन कमी, त्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यात अंग ओले, म्हणजे उष्णता भराभर निघून जाते. प्रसूतिगृहात बाळ जन्मताच परिचारिका त्याला आधी कोरडे पुसते आणि आईच्या छातीवर ठेवते, ते याच कारणासाठी. चिंचिलाची आई हे काम जिभेने आणि पोटाखालच्या उबेने करते. मध्येच तिला उठून पळावे लागले तर ओले पिल्लू तारेच्या जाळीवर गारठत पडते.

आणि तिला पळावे लागतेच, कारण व्याल्यानंतर काही तासांत ते दोनेक दिवसांत चिंचिलाची मादी पुन्हा माजावर येते. पिंजऱ्यात नर असेल तर तो त्याच वेळी तिच्या मागे लागतो. नराला पिल्लांशी वैर नसते. तो पाठलाग करत असतो आणि पिल्ले वाटेत असतात. मोठा चिंचिला मीटरभर उंच उडी सहज मारतो. पाचशे ग्रॅमचे ते अंग फळीवरून खाली चाळीस ग्रॅमच्या जिवावर येते, तेव्हा हेतूचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या दिवशी मेलेले पिल्लू पाहून ‘नराने मारले’ असे म्हटले जाते. त्याला मारायचे नव्हते. त्याला तिथे ठेवले होते.

दुसऱ्या माद्यांचे प्रकरण वेगळे आहे. चिंचिलात मादी नरापेक्षा मोठी आणि वरचढ असते. आपल्या जागेत आलेल्याला ती मागच्या पायांवर उभी राहून मूत्राची पिचकारी मारते, प्रसंगी चावते. काही माद्या दुसरीच्या पिल्लांना जवळ घेतात. स्वतःला दूध असेल तर पाजतातही, आणि पोरक्या पिल्लाला दुसरी आई मिळवून देता येते ती याच गुणामुळे. पण काही माद्या अनोळखी वासाचे पिल्लू चावून मारतात. कोणती मादी कशी वागेल हे आधी सांगता येत नाही. दोन वर्षे गुण्यागोविंदाने राहिलेल्या जोडीतही एक व्याली की नाते बदलते. मागच्या वेळी काही झाले नाही, हा पुरावा धरून पुढच्या वेळी धोका पत्करणे म्हणजे हेल्मेटशिवाय घरी सुखरूप पोचलो म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरवण्यासारखे आहे.

पिल्ले सुखरूप राहिली तरी त्या पहाटेची किंमत आई मोजते. पुन्हा गाभण राहिलेली मादी एका बाजूने दूध पाजते आणि दुसऱ्या बाजूने पोटातला नवा गर्भ वाढवते. तिचे वजन उतरते, केस निस्तेज होतात, दूध आटते, पुढची पिल्ले अशक्त निघतात. सरकारी दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या ‘पाळणा लांबवा’ असे सांगितले जाते आणि आता तर बाळंतपणाआधीच त्याविषयी बाईशी बोलतात. दोन बाळंतपणांत अंतर नसले की आईचे रक्त कमी होते आणि बाळाचे वजनही, हे तिथे रोज दिसते. चिंचिलाच्या मादीला मात्र नकार द्यायला, पळून जायला जागाच नसते. तिचा पाळणा लांबवणे पूर्णपणे पाळणाऱ्याच्या हातात आहे आणि त्याचे साधन एकच, नर वेगळा ठेवणे.

इथे काही अनुभवी पाळणारे हरकत घेतात. त्यांचे म्हणणे असे की चिंचिलाचा बाप चांगला असतो. तो पिल्लांना अंगाखाली घेतो, चाटतो, आई खायला गेली की ऊब देतो. हे म्हणणे खोटे नाही आणि झटकून टाकण्यासारखेही नाही. अडचण बापाच्या स्वभावाची नाही, तो सक्षम नर असण्याची आहे. नुसते दोन-चार दिवस बाजूला ठेवूनही भागत नाही. एक माज टळला तरी साधारण तीस ते पन्नास दिवसांनी पुढचा येतो, आणि तोवर पिल्ले अजून दूधच पीत असतात. तेव्हा बापाची ऊब हवी असेल तर त्याला आधी खच्ची करून घ्यावे, तेही बाळंतपणाच्या बरेच आधी. कारण शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नर फलनक्षम राहू शकतो. हे काम अशा लहान प्राण्यांना भूल देण्याचा सराव असलेल्या पशुवैद्यकाचेच. तो गावात नसेल तर नर वेगळा, हाच मार्ग.

वेगळे करणे म्हणजे तोडणे नव्हे. मादी गाभण असल्याची शंका आली, वजन वाढू लागले, स्तनाग्रे लालसर आणि ठसठशीत दिसू लागली की इतरांना शेजारच्या पिंजऱ्यात हलवावे. मादी आपल्या ओळखीच्या पिंजऱ्यात राहते, सोबत्यांचा वास आणि आवाज तिला येत राहतो. दोन पिंजऱ्यांत वीतभर अंतर मात्र असावे. जाळीतून एकमेकांची बोटे चावणे हा या प्राण्यांचा आवडता उद्योग आहे. ही हलवाहलव शेवटच्या दिवसांत करू नये. पोटाशी असलेल्या मादीला उचलण्या-धरण्याचा ताण नको आणि तिच्या पोटावर दाबून ‘आत किती आहेत’ हे पाहण्याचा मोह तर अजिबात नको.

मग पिंजरा. मोठ्यांसाठी ठीक असलेली जाळी पिल्लांसाठी दरवाजा ठरते. गजांमधले अंतर सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर पिल्लू त्यातून निसटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे डोके अडकून लटकते. वरच्या फळ्या काढून टाकाव्यात, कारण पिल्ले चढतात लवकर, पण त्यांना उतरता येत नाही. फिरते चाक काढावे. तळाला जाळी असेल तर त्यावर जाड फडके किंवा सुके गवत पसरावे आणि पाणी बाटलीतूनच द्यावे, वाटीत नाही. चिंचिला अंग स्वच्छ ठेवतात ते बारीक धुळीत लोळून. व्यालेल्या मादीला ही धुळीची आंघोळ पहिला आठवडा-दहा दिवस बंद ठेवावी. तिच्या उघड्या जननमार्गात आणि पिल्लांच्या डोळ्यांत ती धूळ जायला नको. बाकी गवत आणि दाणा नेहमीचाच. बाळंतीण म्हणून तिला डिंकाचे लाडू नकोत, सुकामेवाही नको. तिचे पोट त्यासाठी बनलेले नाही.

पिल्ले झाल्यावर माणसाने करायचे काम थोडे असते, पण ते रोज करायचे असते. एका ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्यावा आणि रोज एका ठरावीक वेळी प्रत्येक पिल्लाचे वजन वहीत लिहावे. पहिल्या दिवशी ते किंचित घटले तर चालते. त्यानंतर ते वाढलेच पाहिजे. नुसते बघून ‘चांगले हिंडतेय की’ म्हणणे फसवे असते. उपाशी पिल्लू आदल्या दिवसापर्यंत हिंडत असते आणि मग एकाएकी कोलमडते. अंगणवाडीत बाळाचे वजन तक्त्यावर मांडतात ते याच कारणासाठी, डोळ्यांपेक्षा काटा आधी बोलतो म्हणून. सलग दोन दिवस वजन उतरले तर पशुवैद्यक गाठावा.

वजन उतरण्याचे एक कारण भावंडेच असतात. पिल्लांना जन्मतः दात असल्याने दुधासाठीच्या भांडणात ती एकमेकांची तोंडे फाडतात. आईच्या स्तनाग्रांनाही चावे बसतात आणि मग ती पाजायचेच नाकारते. पिल्ले तीन-चार असतील तर त्यांना आळीपाळीने आईकडे सोडावे लागते. गारठलेले पिल्लू सापडले तर आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या जिवाच्या तोंडात दूध घातले तर ते पचत नाही आणि श्वासनळीत जाण्याची भीती असते. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवावी, म्हणजे पिल्लांना ऊब मिळते आणि आईला तिच्यापासून दूर जाता येते. ड्रॉपरने घाईघाईत दूध पाजताना ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, हा हौशी मदतीतला नेहमीचा अपघात आहे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थेंब-थेंब पाजायची तयारी आणि सल्ला द्यायला पशुवैद्यक असेल तरच ते हाती घ्यावे.

पिल्ले आठ आठवड्यांची झाली की आणखी एक वाटणी करायची असते आणि ती हमखास विसरली जाते. नर पिल्ले आई आणि बहिणींपासून वेगळी करावी लागतात. चिंचिला पूर्ण वयात यायला साधारण आठ महिने लागतात, पण काही नर त्याच्या पुष्कळ आधी सक्षम होतात. ‘अजून बाळच आहे’ म्हणून ठेवलेल्या नरापासून आई गाभण राहिल्याची उदाहरणे आहेत. आधी वेगळ्या केलेल्या मोठ्या माद्यांनाही पुन्हा आत सोडताना घाई चालत नाही. मधल्या काळात त्या एकमेकींना परक्या झालेल्या असतात. आधी शेजारी पिंजरे, मग अंथरलेल्या फडक्यांची अदलाबदल, मग तिसऱ्याच जागी थोडा वेळ भेट, अशा क्रमाने त्यांना जवळ आणावे.

एवढा व्याप वाचून कुणाचा घरी चिंचिलाची पैदास करण्याचा बेत रहित झाला, तर ते चांगलेच. घरच्या पिंजऱ्यातल्या पैदाशीने अँडीजमधला रानटी चिंचिला वाचत नाही. रंगांच्या हौशीत तर आणखी एक खोच आहे: पांढऱ्या रंगाच्या दोन प्राण्यांची किंवा ‘व्हेल्व्हेट’ म्हणवणाऱ्या दोन प्राण्यांची जोडी लावली तर त्या रंगाचे जनुक दोन्हीकडून मिळालेले गर्भ जगतच नाहीत. भारतातल्या शहरांत हा प्राणी हौसेने आणला जाऊ लागला आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी अडचण. थंड, कोरड्या डोंगरावरच्या या प्राण्याला पंचवीस अंशांच्या वरची हवा त्रासदायक होते आणि दमटपणा असला तर उष्माघाताने तो मरतो. म्हणजे मुंबईत किंवा नागपुरात तो बाराही महिने वातानुकूलित खोलीतच जगणार. आणि त्याच खोलीच्या गारव्यात ओले पिल्लू काकडणार. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली तर आई आणि पिल्ले दोन्ही गेली. ज्यांच्याकडे चिंचिला आहेतच, त्यांनी एकाच लिंगाचा गट ठेवावा आणि लिंग दुकानदाराच्या नव्हे, पशुवैद्यकाच्या तोंडून खात्री करून घ्यावे. संगत मिळते आणि बाळंतपणाचा प्रश्नच येत नाही.

तरीही एखाद्या सकाळी पिंजऱ्यात पाच दिसलेच तर क्रम सोपा आहे. आवाज न करता आधी नर बाहेर काढावा, मग दुसरी मादी. वरच्या फळ्या आणि चाक काढावे, तळाला फडके पसरावे, ओळखीच्या जागी आईला पिल्लांजवळ सोडून खोलीचे दार लोटावे. तासाभराने पिल्ले कोरडी झाली आहेत का आणि आईच्या पोटाखाली आहेत का, एवढेच पाहावे. मग वही काढून पहिले वजन लिहावे आणि त्याच पानावर दोन तारखा टाकाव्यात. एक आठ आठवड्यांनंतरची, नर पिल्ले वेगळी करण्याची. दुसरी आजपासून १११ दिवसांनंतरची. कारण नर पहाटेपासून त्या पिंजऱ्यात होता आणि मादी पुन्हा गाभण राहिलेली असू शकते.